सराफाच्या मुलाची दुसरी विद्या

व्यापारी घराण्यात शिक्षणाचे मोल बहुधा उपयोगाच्या काट्यावर ठरते. मुलाने वाणिज्य शाखा घेतली तर पेढीला हातभार लागतो, मुलीने लेखापरीक्षण शिकले तर घरचे हिशेब घरीच तपासले जातात. परंतु एखाद्या घरातील सुनेने, आडत दुकानावर बसणाऱ्या तरुणाने किंवा व्यवहार मुलांच्या हाती सोपवून मोकळ्या झालेल्या ज्येष्ठाने छायाचित्रणाचा अभ्यासक्रम करण्याची इच्छा व्यक्त केली, की घरातून पहिला प्रश्न येतो तो असा : ‘यातून मिळणार काय?’ प्रश्न वावगा नाही. दोन पोत्यांच्या भांडवलावर दुकान उभे करणाऱ्या पूर्वजांनी हाच प्रश्न विचारून घर सावरले आहे. दोष प्रश्नात नसून तो विचारण्याच्या वेळेत आहे. पेरणीच्या दिवशी मोंढ्यातला भाव विचारावा, तसा हा प्रश्न विद्या हाती येण्यापूर्वीच विचारला जातो, आणि पुष्कळ इच्छा तेथेच मिटून जातात.

या प्रश्नाचे एक उत्तर इतिहासात आहे, आणि ते जैन समाजाच्या अगदी जवळचे आहे. १८४४ मध्ये मेरठजवळील सरधना येथे एका जैन जवाहिऱ्याच्या घरी दीनदयाल नावाचा मुलगा जन्मला. घरचा व्यवसाय रत्नांचा. त्यात रत्न उजेडात धरून पारखायचे असते, त्याचा पैलू आणि त्यातील डाग नजरेने ओळखायचा असतो. मुलाने मात्र रूडकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात तांत्रिक शिक्षण घेतले आणि १८६६ मध्ये तो इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागला. काम होते इमारतींचे नकाशे काढण्याचे आणि खर्चाचे अंदाजपत्रक तयार करण्याचे. पगार नियमित आणि पद मानाचे होते. बहुतेक घरांच्या दृष्टीने आयुष्याची चिंता येथे मिटली असती.

दीनदयाल यांनी या नोकरीत असतानाच छायाचित्रणाची विद्या हस्तगत केली. ते दिवस बोटाच्या स्पर्शाने चित्र घेण्याचे नव्हते. ओल्या काचेच्या पद्धतीत जागेवरच काचेवर रासायनिक लेप द्यावा लागे, तो ओला असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लेप सुकण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत ते उमटवावे लागे. एका चित्रामागे एवढा खटाटोप असल्याने काच वाया घालवणे कोणालाच परवडत नसे. म्हणून आधी डोळ्यांनी चित्र पूर्ण पाहायचे आणि नंतरच कॅमेऱ्याचे झाकण काढायचे, असा शिरस्ता होता. नकाशे काढून तयार झालेला हात आणि मोजमापाची सवय येथे उपयोगी पडली. पहिल्या विद्येने दुसरीला असा आधार दिला.

इंदूरचे अधिपती महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना पहिला आश्रय दिला. ज्या होळकर घराण्यातील अहिल्याबाईंनी परळीच्या वैद्यनाथ मंदिराचा जीर्णोद्धार केला, तेच हे घराणे. महाराजांमुळे मध्य भारतातील ब्रिटिश प्रतिनिधी सर हेन्री डेली यांच्याशी परिचय झाला. पुढे सर लेपल ग्रिफिन यांच्यासमवेत बुंदेलखंडाचा प्रवास करून दीनदयाल यांनी तेथील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेतली. त्यांतील ऐंशीहून अधिक चित्रांचा संग्रह मध्य भारतातील स्मारकांवरील ग्रंथात प्रसिद्ध झाला. त्यानंतर त्यांनी सरकारी नोकरी सोडली. तेव्हा त्यांची चाळिशी आली होती. १८८५ मध्ये ते व्हाइसरॉयचे छायाचित्रकार नेमले गेले, हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबाराशी त्यांचा संबंध जुळला, आणि निजामांनी त्यांना ‘राजा बहादुर मुसव्विर जंग’ ही पदवी दिली. मुसव्विर म्हणजे चित्रे काढणारा. परळी, बीड आणि अवघा मराठवाडा १९४८ पर्यंत त्याच हैदराबाद संस्थानात होता. राजा दीनदयाल हे अशा रीतीने या प्रदेशाच्या राजधानीतील छायाचित्रकार ठरतात.

त्यांच्या कारकिर्दीतील दोन गोष्टी व्यापारी घरांनी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी, की त्यांनी कलेला पेढीचे रूप दिले. सिकंदराबाद आणि मुंबई येथे चित्रशाळा काढल्या, ज्ञानचंद आणि धर्मचंद या पुत्रांना व्यवसायात घेतले, आणि ‘राजा दीनदयाल अँड सन्स’ ही पाटी लावली. वेळेवर काम देणे, नोंद ठेवणे आणि पत राखणे हे पेढीचे गुण त्यांनी चित्रशाळेत आणले. दुसरी गोष्ट अशी, की १८९२ मध्ये त्यांनी हैदराबाद येथे केवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र चित्रशाळा उघडली आणि ती चालविण्यासाठी एका इंग्रज महिलेची योजना केली. पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांना परपुरुषासमोर बसून छायाचित्र काढून घेणे शक्य नव्हते. घराची मर्यादा मोडावी लागू नये आणि स्त्रीची प्रतिमाही काळाच्या ओघात पुसली जाऊ नये, अशी वाट त्यांनी व्यापाऱ्याच्या चतुराईने आणि सहृदयतेने शोधली.

छायाचित्रणाचे वर्ग ही गोष्टही महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईत १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतील अग्रगण्य व्यावसायिक छायाचित्रकार झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे व्यवसायाने वैद्य, पण सोसायटीच्या कार्यात आणि छायाचित्रणात त्यांनी नाव मिळवले. त्या पहिल्या पिढीतील माणसे केवळ कलावंत नव्हती. आपापला उद्योग सांभाळून नवी विद्या शिकणारी ती जिज्ञासू गृहस्थ मंडळी होती. आज एखादा आडत्या दुकान बंद झाल्यावर दूरस्थ वर्गाला बसतो, तेव्हा तो याच परंपरेत बसतो.

येथे एक प्रश्न जैन घरांपुढे विशेषत्वाने येतो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. दीनदयाल यांच्या काळातील चित्रे ज्या कागदावर छापली जात, त्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप असे. पुढे १८७१ नंतर कोरड्या काचांची पद्धत आली. तीत आणि तिच्यामागून आलेल्या फिल्ममध्ये चांदीचे क्षार धरून ठेवण्यासाठी जिलेटिन वापरले गेले, आणि जिलेटिन हे जनावरांच्या कातडीपासून व हाडांपासून काढतात. लग्नकार्याचे अल्बम घरोघरी जपले गेले, परंतु ही माहिती फार थोड्यांना होती. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात प्रतिमा सिलिकॉनच्या संवेदकावर उमटते, त्यामुळे चित्र घेण्याच्या क्रियेतून जिलेटिन दूर झाले आहे. छपाईच्या काही कागदांच्या लेपात मात्र ते अजूनही असू शकते, म्हणून कागद घेताना विचारून घ्यावे. कॅमेऱ्याची पिशवी आणि पट्टा चामड्याऐवजी कापडाचा मिळतो. अहिंसेचे पथ्य पाळणाऱ्या माणसाला ही विद्या आज पूर्वीपेक्षा अधिक जवळची झाली आहे.

आता अभ्यासक्रमात शिकवतात तरी काय, हे पाहू जाता व्यापाऱ्याला ओळखीचीच भाषा भेटते. छायाचित्र हा प्रकाशाचा जमाखर्च होय. भिंगातील छिद्र किती उघडायचे, पडदा किती वेळ उघडा ठेवायचा आणि संवेदकाची ग्रहणशक्ती, म्हणजे आयएसओ, किती ठेवायची, अशा तीन नोंदी असतात आणि त्यांचा मेळ बसला पाहिजे. छिद्र एफ-८ आणि वेळ सेकंदाचा अडीचशेवा भाग असता जेवढा प्रकाश येतो, तेवढाच छिद्र एफ-५.६ करून वेळ पाचशेवा भाग केल्यासही येतो. एका बाजूला दुप्पट झाले, दुसऱ्या बाजूला निम्मे झाले, बेरीज तीच राहिली. परंतु चित्र तेच राहत नाही. मोठ्या छिद्राने मागचा देखावा धूसर होतो आणि कमी वेळेने धावता माणूस जागीच थबकल्यासारखा दिसतो. दोन्ही हिशेब बरोबर असताना त्यांतला कोणता निवडायचा, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. तंत्र तेथे संपते आणि सर्जन तेथून सुरू होते.

याचे आणखी एक उदाहरण परळीच्या परिसरात सहज सापडते. हंगामात कापसाचा ढीग उन्हात पडलेला असतो. त्याचे छायाचित्र घेतले की कापूस मळकट, राखाडी दिसतो. त्याचे कारण असे, की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. पांढरेशुभ्र काही दिसले की प्रकाश जास्त झाला असे समजून तो त्यात कपात करतो. काळ्या घोंगडीवर कॅमेरा धरला तर उलट होते आणि काळे फिकट पडते. अशा वेळी शिकलेला माणूस यंत्राचा अंदाज जसाच्या तसा मान्य करत नाही. तो प्रकाश एक-दीड मात्रेने वाढवतो आणि कापसाला त्याचा शुभ्रपणा परत देतो. यंत्र सरासरी सांगते, सत्य डोळ्यांनी तपासून घ्यायचे असते. काट्याने वजन कळले तरी मालाचा कस हातात घेऊनच पाहणाऱ्या व्यापाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

चांगल्या अभ्यासक्रमाचे खरे बळ त्याच्या गृहपाठात असते. गृहपाठ म्हणजे मर्यादा. मोबाइलमध्ये हजारो चित्रे मावतात, म्हणून माणूस पाहणे सोडून देतो. जुन्या फिल्मच्या एका गुंडाळीत ३६ चित्रे असत. तेवढीच चित्रे, एकच जागा आणि एकच तास, असा नियम घातला की पहिल्या दहा चित्रांत डोक्यातल्या सर्व ठरीव कल्पना संपतात. पुढची दहा चित्रे कंटाळ्यात जातात. त्यानंतर मात्र डोळा शोधू लागतो. पायरीच्या झिजलेल्या कडेवर अडकलेले ऊन आणि कुलपावर उमटलेले बोटांचे ठसे तेव्हा कोठे दिसू लागतात. देशावकाशिक व्रतात श्रावक ठरावीक काळापुरते आपले क्षेत्र आखून घेतो. त्याचा हेतू आत्मशुद्धीचा, हा केवळ अभ्यासाचा. तरी क्षेत्र आखून घेतले की लक्ष खोल जाते, हा अनुभव दोहोंत सारखाच येतो.

परळीसारख्या गावात राहून, घराबाहेर फार दूर न जाता, सहा आठवड्यांचा असा अभ्यास कोणालाही करता येईल. पहिल्या आठवड्यात एकच जागा निवडावी, आपलेच दुकान किंवा माजघर, आणि ३६ चित्रांचा नियम पाळावा. दुसऱ्या आठवड्यात एकच भिंत किंवा एकच पायरी सकाळी, भर दुपारी आणि सूर्यास्ताच्या सुमारास टिपावी. वैद्यनाथ मंदिराच्या पायऱ्यांवर सकाळचे तिरपे ऊन पडते, तेव्हा प्रत्येक दगडाचा खडबडीतपणा उठून दिसतो. दुपारी तोच दगड सपाट होतो. दगड बदलत नाही, प्रकाशाची दिशा बदलते. तिसऱ्या आठवड्यात श्रमाचे हात पाहावे. पोत्याला हूक लावणारा हमाल, तूर चाळणारी बाई, काट्यावर वजन ठेवणारा मापाडी, यांच्या अनुमतीने त्यांचे हातच टिपावे.

चौथा आठवडा पांढऱ्या रंगाचा असावा : कापूस, संगमरवर, वाळत घातलेले धोतर, साबुदाणा. पाचव्या आठवड्यात घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला खिडकीजवळ बसवून, फ्लॅश न वापरता, खिडकीच्या एकाच बाजूच्या उजेडात तिची प्रतिमा घ्यावी. आधी अर्धा तास बोलावे, नंतर कॅमेरा उचलावा. सहावा आठवडा सर्वांत कठीण, कारण त्यात एकही नवे चित्र घ्यायचे नाही. पाच आठवड्यांतील सर्व चित्रे समोर मांडायची आणि त्यांतून केवळ सहा ठेवायची. स्वतःच्या मालातला हिणकस भाग स्वतःच बाजूला काढणे किती अवघड असते, ते येथे कळते. निवड करताना जवळ एखादा परखड जाणकार असावा. अभ्यासक्रमाचे शुल्क खरे तर या परखडपणासाठीच दिलेले असते, कारण घरातील माणसे प्रेमापोटी प्रत्येक चित्राला ‘छान’ म्हणतात.

साधनांच्या बाबतीत संयम ठेवावा. या छंदात खरेदीचा मोह मोठा आहे. नवा कॅमेरा, त्यामागून नवे भिंग, त्यामागून आणखी एक भिंग. वस्तू वाढत जातात आणि पाहणे मागे पडते. पहिल्या सहा महिन्यांत हाती असलेला मोबाइल पुरेसा आहे. त्यानंतरही ओढ टिकली तर एकच वापरलेला कॅमेरा आणि एकच साधे भिंग घ्यावे. परिग्रहपरिमाणाचा विचार ज्या घरात रुजला आहे, तेथे याहून अधिक सांगण्याचे कारण नाही.

काही मर्यादा मात्र कटाक्षाने पाळाव्यात. मंदिराच्या गाभाऱ्यात, रेल्वेच्या हद्दीत किंवा औष्णिक वीज केंद्राच्या आवारात अनुमतीशिवाय कॅमेरा काढू नये. साधु-साध्वींची इच्छा जाणून घेतल्याविना त्यांची छायाचित्रे घेऊ नयेत. दुःखात, आजारपणात किंवा दारिद्र्यात असलेल्या माणसाचे चित्र घेताना एकच कसोटी लावावी : हे चित्र त्या माणसाला स्वतःला दाखवता येईल काय? मनात संकोच आला तर कॅमेरा खाली ठेवावा.

घरातील स्त्रियांविषयी थोडे स्वतंत्र लिहिणे आवश्यक आहे. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला १९१३ मध्ये नवसारीत जन्मल्या. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकत असताना त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि आरंभीची त्यांची चित्रे होती सहाध्यायिनींची व मुंबईच्या नित्य जीवनाची. सुरुवातीला ती चित्रे त्यांच्या पतीच्या, माणेकशा यांच्या नावाने प्रसिद्ध होत. त्याच होमाईंनी पुढे स्वातंत्र्यप्राप्तीचा काळ कॅमेऱ्यात साठवला आणि २०११ मध्ये पद्मविभूषण स्वीकारले. गृहिणीच्या अवतीभवती असलेले जग लहान आहे, त्यात टिपण्यासारखे काय आहे, असा समज या एका उदाहरणाने खोटा ठरतो. तिच्याजवळ विषय भरपूर असतात, एक तास तेवढा मिळत नाही. सुनेला आठवड्यातून एक तास निर्वेध मिळावा एवढी व्यवस्था घराने केली, तर अभ्यासक्रमाचे निम्मे शुल्क भरल्यासारखे होईल.

हे सर्व आताच का करावे, याचे उत्तर गावाकडे पाहिले की मिळते. परळीच्या औष्णिक वीज केंद्राचे पहिले संच १९७१ मध्ये सुरू झाले. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी तेच केंद्र बंद ठेवावे लागले. ज्या धुरांड्यांनी गावाचे क्षितिज घडवले, ती बघता बघता जुन्या काळातली झाली. घरांतही तेच घडत आहे. लाल कापडात बांधलेल्या वह्या गेल्या, त्यांच्या जागी संगणक आला. दगडी जोत्याचे वाडे उतरवून तेथे व्यापारी संकुले उभी राहिली. गादीवर बसून व्यवहार करणारी शेवटची पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. समारंभांची छायाचित्रे प्रत्येक घरी आहेत, परंतु आजोबा रोज सकाळी दुकानाचे कुलूप उघडून उंबऱ्याला हात लावत, त्या क्षणाचे छायाचित्र किती घरांत असेल? समारंभाला छायाचित्रकार बोलावता येतो. रोजचे जीवन टिपायला घरातलाच कोणी शिकलेला लागतो.

राजा दीनदयाल १९०५ मध्ये निवर्तले. ज्या दरबारांनी त्यांना पदव्या दिल्या ते दरबार उरले नाहीत. उरल्या त्या काचा. त्यांच्या चित्रशाळेच्या २,८५७ काचेच्या प्रती १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या, आणि आज त्यांवरून एका संपूर्ण युगाचे रूप अभ्यासता येते. राजवाडे आणि लेणी यांच्या जोडीला निजाम राज्यातील दुष्काळाच्या काळातील मदतकार्याची दृश्येही त्यांच्या चित्रांत आहेत. सरधन्याच्या जवाहिऱ्याच्या घरी कोणी तेव्हा ‘यातून मिळणार काय?’ असे विचारले असेल तर त्या दिवशी उत्तर देणे कोणालाही शक्य नव्हते.

म्हणून प्रश्न सोडून देऊ नये, थोडा पुढे ढकलावा. घरातील ज्याला ही विद्या शिकावीशी वाटते त्याला सहा आठवडे द्यावेत. सातव्या आठवड्यात रविवारी रात्री जेवणानंतर त्याने निवडलेली सहा छायाचित्रे सतरंजीवर मांडावीत आणि सर्वांनी, लहानांपासून वृद्धांपर्यंत, ती शांतपणे पाहावीत. त्यांत खिडकीच्या उजेडातली आजी असेल, कापसाचा शुभ्र ढीग असेल, काट्याजवळचे हात असतील. मग खुशाल विचारावे, यातून मिळाले काय. त्या वेळी उत्तर शिकणाऱ्याला एकट्यालाच द्यावे लागणार नाही.